रिचार्ज संपला, टीव्ही चालू

चाकणच्या आसपासची मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडी, कुरुळी, निघोजे ही गावं एके काळी कांद्या-बटाट्यावर जगत होती. आता तिथे खोल्या पिकतात. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध अंधारा बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा बाय दहाच्या खोल्या, एकेका खोलीत तीन-चार पोरं. फर्स्ट शिफ्टवाला उठून कंपनीच्या बसला पळतो आणि थर्ड शिफ्टवाला येऊन त्याच गादीवर पडतो. गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या, दोरीवर वाळणारे युनिफॉर्मचे शर्ट आणि कठड्याला क्लॅम्प मारून उभ्या केलेल्या छत्र्या.

या छत्र्या नीट बघितल्या तर त्यांच्यात दोन जाती दिसतात. काहींचं तोंड बरंचसं दक्षिणेकडे, तर काहींचं सरळ आग्नेयेला. दक्षिणेकडे बघणाऱ्यांतल्या बऱ्याच गंजल्या आहेत, कुणाची वायर तुटून लोंबते आहे, कुणाचा एलएनबीच गायब. आग्नेयेकडच्या मात्र नांदत्या दिसतात. त्या बहुतेक डीडी फ्री डिशच्या. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं काही देणं नाही, अशी ही दूरदर्शनची सेवा.

चाकणमध्ये मोबाईल, डिश आणि इन्व्हर्टर अशा तिन्हींचं काम करणारं एक दुकान आहे. दुकानदार मूळचा परभणीकडचा, आधी ठेकेदाराकडे कंपनीत होता. त्याने हिशोब दोन वाक्यांत संपवला. "खोलीभाडं, मेस, गावाकडं पाठवायचे पैसे, यातनं उरलेल्यात पोरगं मोबाईलचा रिचार्ज मारंल का टीव्हीचा? मोबाईलचाच मारणार ना!" मग खोलीतले चौघं वर्गणी काढतात. छत्री, बॉक्स, वायर, फिटिंग सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसतं. कुणाची कंपनी सुटली, कुणी दुसरीकडे गेला, तरी छत्री खोलीलाच राहते. खोली दाखवताना मालकही सांगतो: पाणी दोन वेळ, मीटर वेगळा, छत्री लावलेली आहे.

हे चित्र खरं आहे, पण त्यातून एक समज घट्ट झालाय. फ्री डिश म्हणजे खोलीतल्या पोरांची, वाड्या-वस्त्यांची, परवडत नाही त्यांची सोय. मोशी, चिखली, रावेत, पुनावळे इथल्या टू बीएचकेत राहणारा माणूस असलं काही लावत नाही म्हणे. लावतो. फक्त हॉलच्या बाल्कनीत नाही लावत, ड्राय बाल्कनीत लावतो, वॉशिंग मशीनच्या वर, लोकांना दिसणार नाही अशी. आमच्या विंगमध्ये मी विचारपूस सुरू केली तेव्हा लोक आधी ओटीटीचं सांगायचे आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "आणि ती आपली फ्रीची पण आहे, बातम्यांपुरती."

बातम्यांपुरती कसली! भारताचा सामना असला की अख्खं घर त्याच छत्रीवर बसलेलं असतं. त्याबद्दल पुढे येईनच.

आकडे एवढंच सांगतात की पैसे भरून डिश बघणारे कमी होतायत. दूरसंचार नियामक ट्रायच्या नोंदीप्रमाणे मार्च 2021 अखेर देशात सशुल्क डीटीएचचे सुमारे 6 कोटी 96 लाख चालू ग्राहक होते. मार्च 2025 अखेर ते 5 कोटी 69 लाखांवर आले. हे सव्वा कोटी सगळेच फ्री डिशकडे गेले असं नाही. शहरातले बरेच जण फायबरच्या इंटरनेटबरोबर येणाऱ्या ॲपकडे गेले, आणि तरुणांनी टीव्हीचाच नाद सोडला. फ्री डिशवर नक्की किती घरं आली हे कुणालाच मोजून सांगता येत नाही. तिथे नाव नोंदवावं लागत नाही, ग्राहक क्रमांक नाही, रिचार्ज नाही, तेव्हा यादीही नाही. उद्योगातले अंदाज साडेचार कोटी घरांच्या आसपास फिरतात. एवढ्या मोठ्या सरकारी सेवेला आपला लाभार्थीच माहीत नसणं ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. आधार कार्ड न मागता मिळणाऱ्या मोजक्या सरकारी गोष्टींत ही एक.

आमच्या घरी फ्री डिशचा विषय निघाला तो रकमेमुळे नाही, रकमेच्या फोडीमुळे. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायची नवी दररचना लागू झाली तेव्हा सांगितलं गेलं होतं की ग्राहक आता राजा, हवी तीच वाहिनी घ्या आणि तिचेच पैसे भरा. पण राजाला दरवाजातच 130 रुपये नेटवर्क शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 153 रुपये 40 पैसे मोजावे लागत होते. एकही सशुल्क वाहिनी घेतली नाही तरी. म्हणजे दूरदर्शनच्या, मुळातच निःशुल्क असलेल्या वाहिन्या बघायलाही दरमहा दीडशे रुपये. त्यात पहिल्या शंभर वाहिन्यांचा कोटा, आणि त्या शंभरात दूरदर्शनच्या पंचवीस सक्तीच्या. पुढे 2020 मध्ये तेवढ्याच शुल्कात दोनशे वाहिन्या झाल्या, दुसऱ्या टीव्हीचं शुल्क चाळीस टक्क्यांवर बांधलं गेलं. पॅकेजमध्ये घालायच्या वाहिनीच्या किमतीची मर्यादा 19 वरून 12 वर आली आणि 2022 च्या नोव्हेंबरात परत 19 वर गेली. 2024 मध्ये तर नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादाच उठली. या सगळ्या काळात आमच्या घरातला टीव्ही बघण्याचा वेळ मात्र एकाच दिशेने चालला होता. खाली.

एके दिवशी जेवताना मी विचारलं, आपण बघतो काय? बायको म्हणाली, बातम्या आणि रविवारचा सिनेमा. मुलगा म्हणाला, मॅच. आई म्हणाली, "मी साडेसातची आणि आठची मालिका बघते, आणि सकाळी कीर्तन. तुम्ही बाकीच्यांनी काय ते ठरवा, माझ्या मालिकांना हात लावायचा नाही." म्हणजे दोनशेहून जास्त वाहिन्यांच्या पॅकमध्ये पाच-सहा वाहिन्यांचं आमचं घर. त्यातल्या तीन-चार फुकट मिळणाऱ्या. पैसे जात होते ते आईच्या दोन मालिकांसाठी, आणि ते जायला माझी हरकतही नव्हती. हरकत होती ती त्या दोन मालिकांच्या मागे ओढत आलेल्या दीडशे अनोळखी वाहिन्यांना.

रिचार्ज संपू दिला. पडद्यावर पाटी आली, मग कंपनीचे फोन. परत या, तीन दिवस फ्री देतो, पॅक छोटा करून देतो. हा छोटा पॅक आम्ही ग्राहक असताना कुणी सुचवला नव्हता.

आता छत्रीकडे वळू, कारण फ्लॅटमध्ये फ्री डिश लावण्याचा खरा प्रश्न पैशाचा नसतो, दिशेचा असतो. फ्री डिशचं प्रक्षेपण जीसॅट-15 या उपग्रहावरून होतं. तो विषुववृत्ताच्या वर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर असतो. पिंपरी-चिंचवड सुमारे 73.8 अंशांवर. त्यामुळे इथून तो दिसतो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 58-59 अंश वर. म्हणजे बराच उंच. छत्रीच्या तोंडाकडे बघून हे लक्षात येत नाही. छोट्या छत्र्यांचा आकार मुद्दाम असा तिरका कापलेला असतो की येणारा किरण वरून येतो आणि छत्री मात्र समोर बघत असल्यासारखी उभी दिसते. लोक छत्रीच्या नाकासमोर रेघ मारतात, समोरची बिल्डिंग आडवी येते असं ठरवतात आणि नाद सोडतात.

तसं नसतं. किरण जवळपास साठ अंशांतून येत असेल तर समोरची इमारत जितकी लांब, त्याच्या दीडपटीहून थोडी जास्त ती तुमच्या छत्रीपेक्षा उंच असेल तरच अडचण. समोरचा टॉवर पंधरा मीटरवर असेल तर तो तुमच्या वर पंचवीस मीटर, म्हणजे सात-आठ मजले, असायला हवा. पुनावळ्यात, रावेतला असे टॉवर आहेत, आणि तिथल्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांचं अवघडच आहे. पण जुन्या यमुनानगरला, प्राधिकरणातल्या सेक्टरांत, संभाजीनगर-शाहूनगरच्या चार मजली सोसायट्यांत समोरचा अडथळा क्वचितच असतो. तिथे अडथळा होतो तो आपल्याच घराचा. वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब! किरण वरून येत असल्यामुळे छत्री बाल्कनीत आत ठेवून चालत नाही, ती ग्रीलच्या बाहेर काढावी लागते. दुकानदाराच्या पोराने आमच्याकडे पहिलं काम तेच केलं. ग्रीलला दोन फुटी पाइप बोल्ट केला आणि छत्री बाहेर ढकलली.

वास्तुशास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही. पण आमच्या भागातल्या बिल्डरांचा आहे, किंवा गिऱ्हाइकांचा आहे म्हणून त्यांचा आहे. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं म्हणून प्लॅन फिरवले जातात, आणि स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी. म्हणजे ज्या कोपऱ्यात अग्नी ठेवायचा त्याच कोपऱ्यातून फ्री डिशचा उपग्रह दिसतो. आमचं तसंच निघालं. उत्तर-पश्चिमेला तोंड असलेल्या फ्लॅटवाल्यांना मात्र टेरेसवर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

फिटिंगचं काम बघण्यासारखं असतं. आधी पाना घेऊन तीन नट सैल करायचे. छत्रीच्या मागे अंशांची पट्टी असते, तिच्यावर उंची बसवायची. मग मोबाईलवरच्या होकायंत्राने दिशा धरायची, आणि लोखंडी ग्रीलजवळ ते होकायंत्र हमखास खोटं बोलतं, म्हणून दोन पावलं मागे येऊन धरायची. मग छत्री केसाच्या अंतराने डावीकडून उजवीकडे. सॅटफाइंडर नावाचं छोटं यंत्र मध्ये जोडलेलं असतं. सिग्नल सापडला की त्याची शिट्टी चढते. इथवर कुणीही शिकेल. खरी मेख एलएनबीत आहे. छत्रीच्या दांड्यावर बसवलेला तो डबा पुण्यासाठी जवळपास 45 अंशांत तिरका फिरवावा लागतो, कारण उपग्रह आपल्या डोक्यावर नसून बाजूला आहे आणि त्याच्या लहरी आपल्याकडे कलत्या पोहोचतात. जुन्या कंपनीची छत्री फिरवून फ्री डिशवर आणणारे बरेच जण दिशा बरोबर धरतात, डबा तसाच ठेवतात, आणि मग निम्म्या वाहिन्या येतात, निम्म्या येत नाहीत. पोराने डबा फिरवला तशी टीव्हीवरची क्वालिटीची पट्टी पिवळ्यावरून हिरवी झाली. आतून आई ओरडली, "आलं! सह्याद्री आलं!"

जुनी छत्री टाकून द्यायची गरज नसते, हे सांगायला हवं. डिश टीव्हीचा उपग्रह 95 अंशांवर, म्हणजे शेजारीच. ती छत्री जेमतेम दोन अंश सरकवायची. टाटा प्लेचा 83 अंशांवर, ती वीस-एकवीस अंश पूर्वेला फिरवून थोडी खाली झुकवायची. बॉक्स मात्र नवा लागतो. कदाचित तोही लागणार नाही, कारण हल्लीच्या बऱ्याच टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. टीव्हीच्या मागे आटे असलेलं, वायर फिरवून बसवायचं एक पितळी टोक दिसतं का ते बघा. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये अशा टीव्हीसाठी मानकही काढलं. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत, बॉक्स विकायचा असतो.

पावसाचं काय? सिग्नल जातो. जोराची सर आली की चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा काळा. पण तेवढा तर पैसे भरलेलाही जायचा. लहरी त्याच पट्ट्यातल्या, पाऊस तोच.

टीव्हीसाठी आकाशाकडे तोंड करण्याचा या पट्ट्याचा इतिहास जुना आहे. चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगावजवळ आर्वी लागतं. तिथे 1971 मध्ये देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह दळणवळण केंद्र सुरू झालं, जवळपास तीस मीटर व्यासाच्या छत्रीसह. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि 1973 पासून त्याचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला दिसू लागले. पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतींत ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले, सगळे दक्षिणेकडे, सिंहगडाकडे तोंड करून. कावळा बसला की चित्र हलायचं आणि घरातलं एक पोर टेरेसवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे अशी साखळी लागायची. चिमणराव-गुंड्याभाऊ, गजरा, सातच्या बातम्या हे सगळं त्या काड्यांतून उतरलं. 1987 मध्ये रामायण आलं तेव्हा एक वेगळीच पंचाईत झाली होती. या भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी वीज वाचवण्याच्या हिशोबाने बहुतेक गुरुवारची, आणि रामायण रविवारी सकाळी. जुने कामगार सांगतात, त्या दिवशी सेकंड शिफ्ट मागणाऱ्यांची रांग लागायची.

ते सगळं फुकटच होतं. पैसे भरून टीव्ही बघण्याची सवय आपल्याला नव्वदीत केबलवाल्याने लावली आणि 2003 नंतर डीटीएच कंपन्यांनी पक्की केली. 16 डिसेंबर 2004 ला दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं तेव्हा त्यावर 33 वाहिन्या होत्या आणि शहरात कुणी ढुंकून बघितलं नाही. हेतूही शहराचा नव्हता. जिथे जमिनीवरच्या मनोऱ्याचा सिग्नल पोहोचत नाही तिथे उपग्रहाने पोहोचायचं, एवढाच. दरम्यान मनोरे म्हातारे झाले. दूरदर्शनचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण जवळजवळ सगळीकडे बंद करण्यात आलं. 2016 मध्ये सोळा शहरांत अँटेनावर पकडता येणारं डिजिटल प्रक्षेपण आलं त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद होती, पुणे नव्हतं. म्हणून युरोप-अमेरिकेत लोक जसा खिडकीत छोटा अँटेना चिकटवून फुकटच्या वाहिन्या बघतात, तसं आपल्याकडे करता येत नाही. पिंपरीत फुकट टीव्ही म्हणजे छत्रीच.

आता फुकट म्हणजे कुणाच्या जिवावर? फ्री डिशवर जागा मिळवण्यासाठी खासगी वाहिन्या दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीकडे लिलावात बोली लावतात. 2011 पासून हे लिलाव ऑनलाइन होतात आणि त्यातून दरवर्षी शेकडो कोटी रुपये जमतात. वाहिनी ते पैसे जाहिरातींतून काढते. साडेचार कोटी घरांतला साबण, गुटख्याच्या कंपन्यांची वेलची, बांधकामाच्या सळया, केसांचं तेल हे सगळं त्या जाहिरातींत. आपण पैशाने नाही, कंटाळ्याने बिल भरतो. मला तो सौदा मान्य आहे. ज्याला मान्य नाही त्याच्यासाठी रिमोटवर म्यूटचं बटण आहे.

मोठ्या कंपन्यांनी या फुकटच्या बाजारात आत-बाहेर बरीच केली. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते या त्यांच्या जुन्या मालिका दाखवणाऱ्या वाहिन्या 2019 मध्ये नवी दररचना येताच फ्री डिशवरून उठून गेल्या, 2020 च्या टाळेबंदीत परतल्या आणि 1 एप्रिल 2022 ला पुन्हा गेल्या. कारण उघड आहे. तीच मालिका कुठेतरी फुकट मिळत असेल तर पैसे भरणारा पैसे का भरेल? त्या गेल्या आणि दंगलसारख्या वाहिन्यांनी मैदान मारलं.

क्रिकेटचं मात्र कायद्याने झालंय, आणि ती गंमत बऱ्याच जणांना माहीत नाही. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्कदार वाहिनीला प्रसार भारतीलाही द्यावं लागतं. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, विश्वचषकातले भारताचे सामने, उपांत्य फेरी आणि अंतिम सामना यांत येतात. आयपीएल नाही. जाहिरातींच्या उत्पन्नातले 75 टक्के हक्कदाराला, 25 टक्के प्रसार भारतीला. पण 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, केबल आणि खासगी डीटीएचवरच्या दूरदर्शनवर नाही. म्हणजे शेजारच्या घरी चारशेचं पॅक आहे, त्यात डीडी स्पोर्ट्सही आहे, पण त्यावर सामना नाही. सामना बघायला त्याला खेळाची महागडी वाहिनी घ्यावी लागते. आमच्या ड्राय बाल्कनीतल्या छत्रीवर तोच सामना फुकट. 29 जून 2024 ला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमारने सीमारेषेवर झेल घेतला तेव्हा चाकणच्या खोल्यांत जी आरोळी उठली, तिला रिचार्ज लागला नव्हता. मोबाईलवाल्यांच्या काही सेकंद आधीच उठली असणार. इंटरनेटवरचं प्रक्षेपण मागून येतं.

इथवर सगळं फ्री डिशच्या बाजूने आहे. आता तिची लंगडी बाजू, आणि ती मराठी आहे.

फ्री डिश लावल्यावर मराठीत काय मिळतं? पहिलं डीडी सह्याद्री. मग सन मराठी, फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, झी चित्रमंदिर यांसारख्या वाहिन्या, आणि बातम्यांच्या काही. लिलावाप्रमाणे ही यादी वर्षाला थोडी हलते. सिनेमा भरपूर, जुना मराठी सिनेमा तर मुबलक. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना फ्री डिशवर मरण नाही. पण ज्यासाठी मराठी घरात टीव्ही लागतो त्या झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीवरच्या संध्याकाळच्या मालिका तिथे नाहीत. आमचं घर तिथेच अडलं. आई पंधरवडाभर अबोल राहिली. नंतर तिने आपली सोय आपणच लावली. साडेसातला बी विंगमधल्या मैत्रिणीकडे जाते, साडेआठला परत येते. हल्ली सोसायटीतली कुठलीही बातमी आम्हाला सेक्रेटरीच्या आधी कळते.

खोल्यांमध्ये तर मराठीचं पान आणखी मागे. एका खोलीत बीडचा, एक यवतमाळचा, दोन सिवान-छपऱ्याचे. रिमोट कुणाच्याही हातात असो, लागते हिंदीच. दाक्षिणात्य मारामारीचे हिंदीत डब केलेले सिनेमे, नाहीतर भोजपुरी गाणी. मराठी पोरंही तेच बघतात, कारण त्यांच्या वयाचं मराठीत फुकट काही नाही. हे आपोआप घडलेलं नाही. लिलावात सर्वाधिक भाव हिंदी मनोरंजनाच्या जागांना येतो, कारण जाहिरातदार हिंदीला मिळतो. बोलीच्या बाजारात भाषा तिच्या पैशाएवढीच उंच दिसते. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला. त्याचे फ्लेक्स आमच्या चौकातही लागले. फ्री डिशवरची मराठी वाहिन्यांची संख्या कुणी मोजली नाही.

आणि सह्याद्री? मी ती आता रोज बघतो म्हणून बोलायचा हक्क आहे. 1994 मध्ये सुरू झालेली, 2000 मध्ये सह्याद्री नाव मिळालेली ही वाहिनी. सातच्या बातम्या आजही मराठीतल्या सर्वांत शांत बातम्या आहेत. कुणी ओरडत नाही, पडद्याला आग लागल्यासारखं दिसत नाही, एका वेळी एकच माणूस बोलतो. आषाढीला पहाटे पंढरपूरची महापूजा तिच्यावरच बघावी. देहू-आळंदीच्या मधल्या या पट्ट्यात ती पहाट लोक चुकवत नाहीत. पण मालिका? नाटक? तरुणांसाठी काही? ज्या केंद्राने चिमणराव घरोघरी नेला, त्याच्या हाताशी आज साडेचार कोटी घरांपर्यंत जाणारी छत्री आहे आणि दाखवायला नवं फारच थोडं. खासगी वाहिन्यांनी मालिका फुकट द्याव्यात अशी अपेक्षा करणं बालिश आहे, त्यांचा तो धंदा आहे. सह्याद्रीचा धंदा नाही, कर्तव्य आहे. सरकारने 2023 मध्ये प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी 2,539 कोटींची योजना मंजूर केली, तिच्यात दुर्गम भागांत आठ लाख बॉक्स वाटायचंही ठरलं. बॉक्स वाटले, उत्तम. त्या बॉक्समधून रात्री आठ वाजता मराठीत काय दिसणार, हा प्रश्न कुठल्याच योजनेत नाही.

सोसायट्यांकडेही एक तक्रार आहे. नव्या टॉवरांत टेरेसला कुलूप आणि बाहेर छत्री लावायला मनाई, एलिव्हेशन खराब होतं म्हणून. एसीचे आउटडोअर युनिट चालतात, छत्री चालत नाही. याला सोपा उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही. टेरेसवर एकच मोठी छत्री लावायची आणि मल्टिस्विच बसवून डक्टमधून प्रत्येक फ्लॅटला वायर सोडायची. ज्याला हवं त्याने बॉक्स जोडावा. वार्षिक सभेत पार्किंग आणि कुत्री यांच्यामध्ये कुठेतरी हा विषय घ्यायला पंधरा मिनिटं लागतील.

मग लावावी का? माझं मत सांगतो. घरात संध्याकाळच्या मराठी मालिका खरोखर बघणारं माणूस असेल, तर त्याचा आनंद महिन्याच्या तीनशे रुपयांपेक्षा मोठा आहे, पॅक चालू ठेवा, फक्त छोटा करून घ्या. तसं माणूस नसेल आणि टीव्ही बातम्या, सिनेमा, क्रिकेटपुरता लागत असेल, तर पैसे भरणं ही निव्वळ सवय आहे, सोडा. दिवाळीत नवा टीव्ही घेणार असाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानात उभे असतानाच विचारा: यात सॅटेलाइट ट्यूनर आहे का, आणि फ्री डिश लावून दाखवता का. दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

आणि छत्रीवर सह्याद्री लागलं की एक काम करा. मुंबई दूरदर्शन केंद्राला दोन ओळी लिहा, रात्री आठ वाजता आम्हाला एक नवी, चांगली मराठी मालिका हवी आहे म्हणून. त्यांच्याकडे आपली नावं नाहीत. आपण कळवल्याशिवाय आपण बघतोय हे त्यांना कळणार नाही.